नऊ ते एकची बाई

त्या घरात सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात आईला आई म्हणायची सोय नव्हती. त्या चार तासांत तिला बाई म्हणायचं. धाकटं शेंडेफळ पाच वर्षांचं, त्याला घाईची लागली तरी आधी "बाई, जाऊ?" असं विचारावं लागे. बाई लगेच जा म्हणायची, तेवढी ती कठोर नव्हती. पण एकदा तो नुसता "आई" म्हणाला, तर त्याला परत फिरवून विचारायला लावलं आणि मग जे व्हायचं ते फरशीवर झालं. ती फरशी बाईनंच पुसली. त्या शाळेत शिपाई नव्हता.

शिपायाच्या जागेसाठी नवऱ्यानं अर्ज केला होता, म्हणजे थट्टेत. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ग्रीसनं काळे झालेले हात आणि स्वभाव लोण्यासारखा मऊ. तो बायकोला 'हेडबाई' म्हणायचा. "हेडबाई, शिपायाची जागा निघाली तर आम्हाला आधी कळवा," असं म्हणून तो हत्यारांची पेटी उचलायचा आणि कामावर पळायचा. बाई हसायची नाही, पण तो गेल्यावर फळ्याकडे तोंड करून हसत असावी.

शाळा भरायची स्वयंपाकघरात. घडीचं टेबल, त्यावर पुसायला सोपं म्हणून प्लास्टिकचं कापड, फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं वेळापत्रक, ओट्याशेजारी दोन हात रुंद फळा. बाई टेबलाच्या एका टोकाला आणि समोर तिन्ही मुलं. थोरला दहाचा, मधली सातची आणि शेंडेफळ. घंटा म्हणून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. थोरला चालत यायचा, शेंडेफळ धावत यायचं आणि मधली सगळ्यांच्या मागून, भावंडं उठलेली पाहून यायची. बाई म्हणायची, ही स्वप्नाळू आहे, माझ्यावर गेली.

मुलांना घरी शिकवायचं हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, असं चर्चमधल्या बायका विचारत. काही कौतुकानं, काही नाक मुरडून. विश्वासाच्या घरात मुलं बायबलच्या वचनावर वाढावीत, देवानं आपल्या ओंजळीत दिलेलं लेकरू दुसऱ्याच्या ओंजळीत का ओतायचं, असं ती सांगायची आणि ते खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं. लग्नाआधी ती आठ वर्षं एका शाळेच्या कचेरीत कारकून होती. तिच्या खिडकीसमोरच्या व्हरांड्यात शिक्षा झालेली मुलं उभी राहायची. एकदा एक मुलगा इतका वेळ उभा राहिला की त्याची चड्डी ओली झाली. आत वर्ग चालू होता, कुणाचं लक्ष नव्हतं. तिचं होतं. तिनं पाहिलं आणि हजेरीपटात पुढचं नाव लिहिलं. तो मुलगा तिच्या मनातून कधी गेला नाही. आपल्या मुलांवर असं कुणाचंही लक्ष नसेल अशा जागी आपण त्यांना धाडायचं नाही, असं तिनं थोरला पोटात असतानाच ठरवून टाकलं.

म्हणून ती डोळ्यात तेल घालून शिकवायची. थोरल्याच्या गणितातली हातच्याची चूक तिला पेन्सिल कागदाला टेकायच्या आत कळायची. थोरला पहिल्याच बाहेरच्या परीक्षेत असे गुण घेऊन आला की नाक मुरडणाऱ्यांची नाकं काही दिवस सरळ राहिली. परीक्षेला आठव्या वर्षी बसवायचं असतं. मधलीचं एक वर्ष बाकी होतं, आणि बाईची खात्री होती की मधली थोरल्यालाही मागे टाकेल.

कारण मधलीसारखं लक्ष कुणाचंच नव्हतं. बाई शिकवत असली की ती नजर हलवायची नाही. शब्द घालताना प्रत्येक शब्दाला मान वर करून बाईच्या तोंडाकडे बघणार, मग लिहिणार. आणि एकदा लिहायला बसली की जग बुडालं तरी डोकं वर नाही. एक दिवस नवऱ्याच्या हातून हत्यारांची पेटी तिच्या मागेच फरशीवर आपटली. पाने, पक्कड, स्क्रू सगळीकडे उडाले. शेंडेफळ किंचाळलं, थोरल्याची शाई सांडली. मधली आपली एकाखाली एक आकडे मांडत होती. बाईनं पुढच्या रविवारी उपासनेनंतर हे चार जणींना सांगितलं. एकाग्रता म्हणतात ती ही, असं सांगितलं. चारही जणींनी मान डोलावली. त्या वेळी एकीला जरी शंका आली असती! पण बाईच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती होती?

मधलीत एकच खोट होती, आणि ती बाईच्या जिव्हारी लागणारी होती. ती प्रार्थनेत डोळे मिटायची नाही.

शाळा प्रार्थनेनं सुरू व्हायची. पाच मिनिटं, हात जोडून, डोळे मिटून. बाई प्रार्थना करणार आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आधी मधली मिटायची डोळे, चांगली मिटायची. मग दीडेक वर्षापूर्वी काय शिरलं तिच्या अंगात कोण जाणे, ती टक्क उघड्या डोळ्यांनी बाईकडे बघत बसू लागली. शेंडेफळ चुगली करायचं. त्यानं कसं पाहिलं, हे त्याला कुणी विचारलं नाही. बाईनं आधी समजावलं, मग रागावली, मग दोन दिवस कोपऱ्यात उभं केलं. तिसऱ्या दिवशी तिला तो व्हरांडा आठवला आणि तिनं कोपरा बंद केला. त्याऐवजी तिनं स्वतःच्या मते प्रेमाचा उपाय काढला. ती मधलीला शेजारी बसवायची आणि प्रार्थना संपेपर्यंत आपला तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवायची. पोरीच्या पापण्या हाताखाली फडफडत राहायच्या. कधी कधी तळहात ओला व्हायचा. देव हिचं मन मऊ करतोय, असं बाईला वाटायचं आणि ती मनातल्या मनात त्याचे आभार मानायची.

आता चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक काका होते. लहान मुलांचं गायन तेच बसवायचे. तोंडानं फटकळ, पण मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळायची. एका रविवारी त्यांनी बाईला थांबवलं आणि सांगितलं की तुमची मधली गाते गोड, पण ती बाकीच्या मुलांच्या तोंडाकडे बघून गाते. ऑर्गनचा सूर तिला लागत नाही, शेजारणीचे ओठ हलले की ती सुरू होते. एकदा कान कुणाला तरी दाखवून आणा.

बाईला हे झोंबलं. तिला वाटलं, घरी शिकवलेली मुलं चार लोकांत बावचळतात, असं म्हाताऱ्याला सुचवायचंय आणि कान हे नुसतं निमित्त आहे. आधीच तिला इतक्या जणांनी टोमणे मारले होते की चांगला सल्लासुद्धा तिला टोमण्यासारखा ऐकू यायचा. ती हसून म्हणाली की बघते. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "ऑर्गनचा भाता फाटलाय त्यांच्या. आधी तो शिवा म्हणावं." नवरा म्हणाला, दाखवून आणायला काय जातं? त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो भांडणाला भिणारा माणूस, गप्प बसला. पुढच्या रविवारपासून मधली गायनाला गेली नाही. बाईनं पाळकांना सांगितलं, तिला अभ्यास फार असतो. सात वर्षांच्या पोरीला!

ही गोष्ट झाली आणि पुढे आठ महिने गेले. हे आठ महिने बाई आजही बोटांवर मोजते.

मग एका थंडीत बाईला सर्दीतापानं गाठलं. शाळा बंद ठेवायची म्हणजे तिला पाप केल्यासारखं वाटायचं. मुलांना लागण नको म्हणून तिनं नाकातोंडावर कापडी मास्क बांधला, पेल्यावर चमचा वाजवला आणि शब्द घालायला घेतले. पहिला शब्द घातला. थोरल्यानं लिहिला. शेंडेफळानं लिहिल्यासारखं केलं. मधली मास्ककडे बघत बसली. बाईनं तोच शब्द पुन्हा सांगितला, मग पुन्हा, मोठ्यानं. पालथ्या घड्यावर पाणी. अंगात ताप, डोकं ठणकत होतं, तिचा आवाज चढला. तिनं टेबलावर हात आपटला. मधलीनं हाताकडे पाहिलं, मग पुन्हा मास्ककडे. मग ती खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून आली, एका बोटानं बाईचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाली,

"आता बोल. मला दिसत नव्हतं तू काय बोलतेस ते."

बाईनं पाच वेळा तरी हे वाक्य मनात उलटंसुलटं करून पाहिलं. मग ती उठली. मधलीला खुर्चीत बसवलं आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिली. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात, मग ओरडून तिनं तिला हाक मारली. मधली पेन्सिलीला टोक करत होती. सालपट तुटू नये म्हणून जिभेचं टोक बाहेर काढून, अगदी मन लावून.

थोरला म्हणाला, "बाई, तिला असं नाही कळत. समोर जावं लागतं."

"तुला माहीत होतं?"

"हो. आम्ही तिला हात लावतो आधी, मग बोलतो."

शेंडेफळानंही मान हलवली. त्यालासुद्धा माहीत होतं. त्यांच्या लेखी हे चष्मा असण्यासारखंच होतं, कुणाला असतो, कुणाला नसतो, त्यात सांगायचं काय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दोन हातांवर बसलेली पोर दिवसातले चार तास बाईच्या तोंडाकडे जीव लावून बघत होती आणि बाई त्याला एकाग्रता म्हणत होती.

आणि मग तिला प्रार्थना आठवली. ती तिथेच फरशीवर बसली. पोरीला ऐकू कमी यायला लागलं तेव्हापासून तिनं डोळे उघडे ठेवले होते, कारण आई देवाशी काय बोलते ते तिला कळून घ्यायचं होतं. आमेन कधी म्हणायचं, हे ओठ बघितल्याशिवाय तिला समजणार कसं? आणि आपण काय केलं? आपण तिचे डोळे झाकले. रोज सकाळी पाच मिनिटं आपण आपल्या हातानं तिला अंधारात आणि शांततेत कोंडलं, आणि वर तिच्या अश्रूंसाठी देवाचे आभार मानले. बाईनं त्या दिवशी मुलांसमोर असा आवाज काढला की शेंडेफळ घाबरून टेबलाखाली गेलं. मधलीनं तो ऐकला नाही. तिनं फक्त तोंड वेडंवाकडं झालेलं पाहिलं आणि ती आईच्या मांडीत येऊन बसली.

कानाच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. एक कान जवळजवळ गेला होता, दुसरा निम्मा. आत वर्षानुवर्षं पाणी साचून, पिकून, बारीक हाडं झिजली होती आणि त्याच्याही पलीकडे इजा पोचली होती. मशीननं थोडं ऐकू येईल. नवऱ्यानं मशीनबद्दल बरंच विचारलं, बॅटरी किती दिवस जाते वगैरे. यंत्र म्हटल्यावर त्या बिचाऱ्याला जरा धरायला काहीतरी मिळालं. बाईनं एकच विचारलं, आठ महिने आधी आणलं असतं तर? डॉक्टरीण बाईंनी कागद सारखे केले आणि म्हणाल्या, "आपण आता पुढचं बघू या." बाईला उत्तर मिळालं.

नवरा बाहेर येऊन जिन्यात बसला. लिफ्ट चालू होती, पण तो जिन्यात बसला. मी भांडायला हवं होतं तुझ्याशी, एवढंच तो म्हणाला. त्यानंतर त्यानं तिला हेडबाई म्हटलं नाही. आता त्याला थट्टेची भीती वाटायची.

बाई ऑर्गनवाल्या काकांकडे गेली. काय बोलायचं ते तिनं रस्ताभर जुळवलं होतं आणि दारातच ते सगळं विसरली. काकांनी तिला खुर्ची दिली. म्हणाले, "चूक माझी पण आहे. एकदा सांगून गप्प बसलो. लहान मुलाचं असतं तेव्हा माणसानं अपमान गिळून दुसऱ्यांदा सांगावं." तिला वाटलं होतं, ते चार शब्द सुनावतील. त्यांनी सुनावलं असतं तर तिला घरी जाताना चालायला तरी बळ आलं असतं.

मशीन आलं. पण नुसतं कानात घालून भागत नाही. पेल्याचा आवाज, नळाचा आवाज, माणसाचा आवाज, सगळा एकच गलका. त्यातून कुठला कशाचा हे पुन्हा शिकावं लागतं. बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं की हिला रोज यावं लागेल. हातानं बोलणंही शिकावं लागेल, कारण उरलेल्या कानाचा भरवसा नाही. नऊ ते एकच्या बाईनं विचारलं, मी शिकले आणि घरी शिकवलं तर? मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही शिकाच. पण एकट्या तुम्ही पुरणार नाही तिला. तिच्यासारखी मुलं हवीत तिला भोवती." दहा वर्षांत बाईला बऱ्याच जणांनी हे सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे उत्तर तयार असायचं. या वेळी तिनं प्रवेशाचा कागद मागून घेतला. तरी तिनं तीन आठवडे घरी करून पाहिलं. चौथ्या आठवड्यात तिनं स्वतःच्या हातानं वेळापत्रकातून मधलीचा रकाना खोडला.

त्या तीन आठवड्यांत मधली फारच गुणी झाली होती. पेल्यावर चमचा वाजायच्या आधी येऊन बसायची, शेंडेफळाच्या पेन्सिलींना टोक करून द्यायची, जेवल्यावर आपलं ताट घासायची. अक्षर तर छापल्यासारखं. बाईला वाटलं, मशीनचा गुण येतोय. तिनं नवऱ्याला तसं सांगितलंही, आणि बऱ्याच दिवसांनी दोघं थोडी हसली.

सोमवारी सकाळी ती मधलीला घेऊन त्या शाळेत गेली. नवी पिशवी, धुतलेले बूट, घट्ट घातलेल्या दोन वेण्या. लांब बोळ होता, भिंतीला बुटके बाक, दोन्ही बाजूंना काच लावलेली दारं. काचांपलीकडे मुलं हातवारे करत होती, एक मुलगी पोट धरून हसत होती. कुणीच उभं केलेलं दिसत नव्हतं. बाईनं सगळीकडे नजर फिरवून आधी तेच पाहिलं होतं. वर्गाच्या दारात एक तरुण शिक्षिका हात पुढे करून उभी होती.

मधली थांबली. तिनं आईचा हात सोडला नाही. हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण तो बेत तिचा तिलाच कळत नसल्यामुळे चांगल्या मोठ्या आवाजात, ती म्हणाली, "मी आता सगळं नीट करते ना? मग मला शाळेत का घालतेस?"

बाई तिच्यासमोर उकिडवी बसली. म्हणाली, "अगं, इथे तुला छान शिकवतील."

"म्हणूनच मी सांगितलं नव्हतं तुला," मधली म्हणाली. "ऐकू येत नाही ते. दादाला तू म्हणाली होतीस, ज्याला इथे जमत नाही त्याला शाळेत घालावं लागतं. मी बघितलं होतं तू बोलताना. मग मी सगळं बघून बघून करायला लागले. मला जमत होतं."

बाईला आठवलं. थोरल्याला सातचा पाढा येत नव्हता, ती वैतागली होती, बोलून गेली. त्याला तर ते संध्याकाळपर्यंतसुद्धा लक्षात राहिलं नव्हतं. शेजारी बसलेल्या, तेव्हा पाच वर्षांच्या असलेल्या मधलीनं ते तिच्या ओठांवर पाहिलं आणि त्या दिवसापासून घरात राहता यावं म्हणून ती एकटीनं झटत होती. डॉक्टरची, ऑर्गनवाल्या काकांची, आठ महिन्यांची गोष्टच नव्हती. दोन वर्षं पोरीनं आपलं दुखणं आईपासून लपवलं, कारण तिला आईजवळ राहायचं होतं.

"ही शिक्षा नाही गं," बाई म्हणाली. पण तोवर मधलीनं हात सोडवून घेतला होता. ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कपाळ भिंतीला टेकवून. बाईनं तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली नाही. शिक्षिका खुणेनं म्हणाली, राहू दे, थोडा वेळ जाऊ दे. बाई तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसली आणि त्या दोन वेण्यांना, त्या पाठीला, शाळेचा सबंध बोळ ऐकेल अशा आवाजात सांगत राहिली की तुझी काही चूक नाही, तुला सगळं जमत होतं, मलाच जमलं नाही.